सगुणाची खरी, उत्तमाची खोटी

माझं काम नेमकं काय, हे माझ्या बापाला शेवटपर्यंत कळलं नाही. इब्रामपूरच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा बापाने सगळ्या वाड्यावर पेढे वाटले. पुढे मी पणजीला नोकरीला लागले आणि कोणी विचारलं, "चेडू किदें करता?" की ते सांगायचे, "गोळ्यो मोजता." मग बाप आपणच भर घालायचे, "शिकिल्लें मनीस मोजता तें वेगळें."

तक्रार नाही. मी खरंच गोळ्या मोजते. नवं औषध बाजारात येण्याआधी ते माणसांना देऊन पाहावं लागतं. आमच्या इस्पितळात लिव्हरच्या औषधांच्या अशा चाचण्या चालतात आणि मी त्यांची कोऑर्डिनेटर. म्हणजे काय? कंपनी औषध पाठवते, सरकार परवानगी देतं, डॉक्टर तपासतात. आणि या सगळ्या मोठ्या लोकांच्या मध्ये उभं राहून "काका, उद्या उपाशीपोटी यायचं, वाटेत चहा-पांव घेतलात तर रक्त न घेता परत पाठवीन" असं जी दरडावते, ती मी. पेशंट घरून उरलेल्या गोळ्यांसकट बाटली परत आणतो, त्या मी मोजते. कमी भरल्या तर का, जास्त उरल्या तर का, हे विचारते. लोक नवऱ्याला-बायकोला सांगत नाहीत ते मला सांगतात. हा मान कमी नाही, असं मी मानते.

हिपॅटायटिस बी हा आमचा मुख्य धंदा. या रोगाबद्दल दोन शब्द सांगते, कारण लोकांना तो गटारातल्या पाण्याने होतो असं वाटतं. नाही. तो रक्तातून जातो, आणि आमच्या भागात मी पाहिला तो बहुतेक आईकडून बाळंतपणात मुलाला गेलेला. हल्ली जन्मल्या जन्मल्या बाळाला लस टोचतात. पूर्वी कुठे होती? विषाणू लिव्हरमध्ये जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं काहीच करत नाही. माणूस नारळावर चढतो, शेत नांगरतो, लग्न करतो. पुढे कधीतरी लिव्हर कडक होतं, काहींना कॅन्सर होतो. रोजची एक गोळी आहे, चांगली आहे, ती विषाणूला झोपवून ठेवते. पण घराबाहेर काढत नाही. म्हणून गोळी जन्मभर. त्याला घराबाहेर काढणारं औषध शोधायचा जगभर प्रयत्न चालू आहे, आणि त्या प्रयत्नाचा एक छोटासा तुकडा मांडवीच्या काठी आमच्या वाट्याला आला होता.

या चाचणीत रोजची गोळी सगळ्यांची चालूच राहणार होती. तिच्यासोबत आणखी एक गोळी. काहींना नव्या औषधाची, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे कॉम्प्युटर ठरवणार. पेशंटला सांगायचं नाही. मलाही माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. कारण माहीत झालं की डॉक्टरचा डोळा बदलतो, पेशंटचं पोट बदलतं आणि खरं काय ते कळत नाही.

आता हे पेडणे आणि डिचोलीतल्या माणसांना समजावून सांगायचं. आमच्याकडे कोणाच्या घरी कुठली मासळी शिजते हे तिसऱ्या घराला वासावरून माहीत असतं. तिथे मी सांगणार, "यात गुपित आहे आणि ते कोणालाच माहीत नाही."

"डॉक्टराकय खबर ना?" हा प्रश्न प्रत्येकाने विचारला.

"नाही."

"मगे तो डॉक्टर कसलो?"

आमचे डॉक्टर समोरच बसलेले असायचे. ते सज्जन माणूस. आधी हसून घ्यायचे, पुढे पुढे खिडकीबाहेर बघायला लागले.

इब्रामपूरचे एक काका, माझ्याच गावचे, त्यांनी तर गुपित फोडायची स्वतंत्र पद्धत काढली. एक गोळी भातात कालवून कोंबड्याला घातली. दुसऱ्या दिवशी मला फोन. "बाय, खरीच गो! कोंबो उजवाडलें तरी आरवलो ना." मी त्यांना सांगितलं की कोंबडा आपल्या चाचणीत नाही. तर म्हणाले, "मगे घे ताका. बरो आसा, रोग ना." त्या महिन्यात त्यांची एक गोळी कमी का, याचं कारण मला इंग्रजीत लिहावं लागलं. लिहिलं. कंपनीकडून प्रश्न आला: कोंबड्याला काही त्रास झाला का? मी चौकशी करून कळवलं: रविवारी कापला.

पण खरी गोष्ट शेवंतीमावशीची.

शेवंतीमावशी नार्व्याच्या बाजूची, नदीकाठी शेती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिचं रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला. म्हणून मुलांचं तपासलं. थोरला सगुण आणि धाकटा उत्तम, दोघांच्याही रक्तात तेच. सगुण ट्रक चालवतो, बोलायला जड. उत्तम डिचोलीच्या बाजारात नारळ विकतो, त्याच्या तोंडाला लगाम नाही. मावशीला चाचणीत घेता येईना, वय जास्त. तिला रोजच्या गोळीवर ठेवलं. मुलं दोघंही नियमात बसली.

हे सगळं समजावून झाल्यावर दोघा भावांनी सह्या केल्या. मावशी बांकावर बसून होती. निघताना माझा हात धरून म्हणाली, "बाय, हें म्हजें रगत. हांवेंच दिलां तांकां. दोगांकय ह्यांतल्यान भायर काड. हांव दुसरें कांय मागना."

मी म्हटलं, "मावशी, औषध कोणाला मिळेल हे माझ्या हातात नाही."

"मगे कोणाच्या हातांत आसा?"

"कॉम्प्युटरच्या."

तिने तो विषय तिथेच सोडला. मला वाटलं, पटलं. आता कळतं, ज्याच्या हातात असतं त्याला विचारायचं, एवढंच ती त्यातून शिकली होती. फक्त कॉम्प्युटरला विचारायची तिला गरज वाटली नाही.

पुढच्या खेपेला दोघं भाऊ आले ते चेहरे बदलून. सगुण गंभीर, अंगात खूप मोठी गोष्ट चालली आहे असा. उत्तम मोकळाढाकळा. मी विचारलं, गोळीने काही त्रास?

त्रास व्हायचाच, अशा थाटात सगुण म्हणाला, "त्रास जातलोच. खरी गोळी म्हणटकच..."

"खरी हे कोणी सांगितलं?"

"सातेरीन."

सातेरी म्हणजे गावची देवी. आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवीला विचारल्याशिवाय करत नाहीत. लग्न, विहीर, जमिनीचा दावा, सगळं. गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो, प्रश्न घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. माझ्या कॉलेजच्या प्रवेशालाही बापाने कौल घेतला होता, उजवीच पडली होती, म्हणून मी हसणारी कोण? मावशीने दोन्ही मुलांचे दोन कौल लावले. सगुणाची उजवी पडली, उत्तमाची डावी. सगुणाची गोळी खरी, उत्तमाची खोटी. सगळ्या गावासमोर.

डॉक्टर डोकं धरून बसले. "म्हणजे देवीने आपली चाचणी फोडली."

"असं नका म्हणू," मी म्हटलं, "देवी आहे ती."

"पेशंटला आता वाटतंय की आपल्याला माहीत आहे. हे कंपनीला कळवावं लागेल."

"काय कळवू?"

"जे झालं ते."

मी कळवलं. दोन दिवसांत कंपनीच्या मॉनिटरचा फोन. मॉनिटर म्हणजे कंपनीतर्फे आमचं काम तपासायला येणारा माणूस. आमचा कार्तिक, बंगळुरूचा, कोवळा पोरगा, नियमांवर जीव. इंग्रजीत झालेलं बोलणं मराठीत सांगते.

"मॅडम, पेशंटला माहिती देणारी ही व्यक्ती कोण?"

"ग्रामदेवता."

"आपल्या टीममध्ये आहे?"

"नाही."

"मग तिला कुठली बाटली कोणाची हे कसं कळलं? कॉम्प्युटरचा पासवर्ड तिच्याकडे आहे?"

मी सांगितलं की तिला पासवर्डची गरज पडत नाही, असा तिथल्या लोकांचा समज आहे. कार्तिकने ते टाइप केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "तिने सांगितलेलं बरोबर आहे का?"

"ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"मलाही नाही."

म्हणजे अख्ख्या चाचणीत ठामपणे बोलणारी एकटी सातेरीच होती. शेवटी कंपनीकडून लेखी सूचना आली की संबंधित व्यक्तीला गोपनीयतेचं ट्रेनिंग द्यावं आणि तिची सही घ्यावी. डॉक्टरांनी खाली उत्तर लिहिलं, "शक्य नाही," आणि सही केली. इतक्या वर्षांत त्यांचं इतकं मुद्देसूद उत्तर मी दुसरं पाहिलं नाही.

पुढचे महिने मजेचे. सगुणाला खऱ्या औषधाचे सगळे त्रास सुरू झाले. तोंडाला लोखंडाची चव, तळपायांची आग, केस गळती. ट्रक चालवताना समोरचा रस्ता हिरवा दिसतो म्हणाला. तो पावसाळ्यातला रस्ता असेल तर तो हिरवाच आहे, पण मी लिहून घेतलं, कारण पेशंट जे सांगेल ते लिहायचं असतं. त्याने दारू सोडली, तिखट सोडलं, बायको रोज त्याला तांदळाची पेज घाली. उत्तमाला काहीच होत नव्हतं. त्याला विचारलं की म्हणायचा, "मॅडम, साकर खाल्ली म्हणून कोणाचे केस झडटात?" आणि मावशी दर खेपेला दोघांच्या मध्ये बसलेली, एकाकडे बघून तिचा जीव भरे आणि दुसऱ्याकडे बघून तुटे.

मग एकदा गोळ्या पिवळ्या झाल्या.

दोन्ही भावांच्या परत आलेल्या बाटल्या मी मेजावर ओतल्या. गोळ्या पांढऱ्या असायच्या, या फिक्या पिवळ्या. डॉक्टर म्हणाले, "काविळीच्या औषधालाच कावीळ." हसलो आम्ही. पण औषधाचा रंग बदलणं ही आमच्या धंद्यात हसायची गोष्ट नाही. औषध नासलं असेल तर? कार्तिक विमानाने आला. गोळ्यांचे फोटो काढले, बाटल्या सील केल्या, आमच्या औषधाच्या कपाटाचं तापमान तपासलं, एअर कंडिशनरला दोष दिला, गोव्याच्या दमटपणाला दोष दिला. कंपनीने दुसऱ्या देशांतल्या इस्पितळांना कळवलं की आपापल्या बाटल्या उघडून बघा. कुठल्या कुठल्या देशांतले डॉक्टर त्या दिवशी आपल्या गोळ्या उजेडात धरून बघत असतील, कोण जाणे. आम्ही मास्क आणि हातमोजे घालून काम करत होतो, त्यामुळे गोळीचा वास घ्यावा असं एकालाही सुचलं नाही.

बर्फाच्या पेटीतून गोळ्या परदेशातल्या प्रयोगशाळेत गेल्या. तिकडच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं लावली. उत्तर आलं. कार्तिकने फोनवर वाचून दाखवलं आणि मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हे हळद, मोहरी आणि हिंग. ही तिन्ही एकत्र कुठे असतात?"

मी म्हटलं, "लोणच्यात."

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीची बस पकडली आणि पुढे रिक्षाने मावशीकडे गेले. तिने आनंदाने चहा टाकला. मी विचारलं, मुलांच्या गोळ्या कुठे ठेवता? तिने कपाटावरून काचेची बरणी उतरवली. मिस्कुटाची बरणी, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, या महिन्यातच रिकामी झालेली. आत गोळ्या, दोन बाटल्यांतल्या, एकत्र.

"मावशी, हे काय?"

"बरणी गो. धुतल्या. धुतल्याबगर घालीन?"

"दोघांच्या गोळ्या एकात?"

"मगे? सातेरीन सांगलां, सगुणाची खरी, उत्तमाची खोटी. हांव दोगांची आवय. दुखणें दोगांकय सारकें दिलें. ओखद एकट्याक कशें दिवं?"

ती रोज डोळे मिटून बरणीत हात घालायची आणि एकेक गोळी काढून दोघांना द्यायची. कधी याला खरी लागेल, कधी त्याला. महिन्याअखेर दोघांना अर्धं अर्धं औषध पोचेल. इस्पितळात यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या दोन बाटल्यांत सारख्या वाटून भरायची. म्हणून मोजणीला कधी चूक निघाली नाही. मी कॉलेजात हिशोब शिकले आहे. तिच्या हिशोबात चूक नव्हती. चूक एवढीच, की ती चाचणी होती.

"मावशी, दोघांनाही काढून टाकतील आता."

तिच्या हातातला चहाचा कप खाली आला. "कित्याक? हांवें कोणाचें कांय चोरलें?"

मी समजावलं. कोणी कुठली गोळी किती घेतली हे कळत नसेल तर त्या दोघांवरून काहीच सिद्ध होत नाही. ती ऐकत होती, पण तिला ऐकू येत होतं एकच: दोन्ही मुलं बाहेर. उद्या खरं औषध दारात येईल आणि तिच्या घराचं दार तिनेच लावून घेतलेलं असेल.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. पहिल्यांदा सगुणाचा फोन. कधी दोन वाक्यं सलग न बोललेला माणूस म्हणाला, "मॅडम, बरणी हांवें भरली. उत्तमाक खबर ना. माका काडा, ताका दवरा." दुपारी उत्तम स्वतः हजर, दोन शहाळी आणि गोळ्या मिसळल्याची कबुली घेऊन. "सगुणाक अक्कल खंय? हांवें भरसल्यो गोळ्यो. हांव बाजाराचो मनीस, भरसपाची सवय. माका काडा." संध्याकाळी सगुणाची बायको. तिने तर रडून सांगितलं की बरणी तिने माहेरून आणलेली, म्हणजे गुन्हा तिचा. आणि मावशी रोज फोन करून विचारायची, "पोलीस केन्ना येतले? हांव तयार आसा."

डॉक्टर म्हणाले, "एक बरणी आणि चार गुन्हेगार. चौघंही कबूल. अशी केस कोर्टात तरी उभी राहील का?"

मग एका सकाळी मावशी पणजीला आली, एकटी, बस बदलत. "कंपनी खंय रावता? माका भेटोव."

नेमका कार्तिक आलेला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कानात वायर, मांडीवर लॅपटॉप. "हो मनीस कंपनी?"

"कंपनीचा माणूस."

तिने पिशवीतून नारळ आणि रसबाळी केळ्यांची फणी काढून त्याच्यासमोर ठेवली. "बाबा, दंड किदें आसा तो माका घाल. भुरग्यांक नाका. तांची चूक ना. तांका दोगांकय रावूं दी."

मी त्याला सगळं सांगितलं. तो पोरगा केळ्यांकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "मॅडम, भेटवस्तू घेता येत नाही. नियम आहे." आणि पुढे, अगदी हळू, "माझी आईसुद्धा असंच करेल." पण निर्णय त्याच्या हातात नव्हता. वरून हुकूम आला: दोघांची चाचणीची गोळी बंद. रोजची जुनी गोळी चालू ठेवावी. तपासण्या शेवटपर्यंत करत राहाव्या. केळी डॉक्टरांनी खाल्ली. त्यांनी कसला नियम वाचला नव्हता.

मावशी त्यानंतर बांकावर बसायला यायची बंद झाली. मुलं यायची, रक्त द्यायची, जायची. सगुणाचे तळपाय थंड झाले, केस गळायचे थांबले, आणि तो पुन्हा गप्प झाला. मला या नोकरीचा कंटाळा कधी आला नाही, पण त्या दिवसांत मी माझ्या टेबलावरचं ते दोघांचं फोल्डर उलटं ठेवायची.

मग चाचणी संपली, आणि कॉम्प्युटरने इतके दिवस पोटात धरलेलं सांगून टाकलं. कोणाला काय. मी दोन भावांची नावं शोधली, डॉक्टरांना हाक मारली, आणि आम्ही दोघांनी परत परत वाचलं.

मी त्या सगळ्यांना बोलावून घेतलं. मावशीलाही, मुद्दाम.

"सगुण, तुमच्या गोळीत औषध नव्हतं."

सगुणाने खुर्चीचे हात धरले. "आणि पायांची आग?"

"ती तुमची स्वतःची."

"केंस?"

"तेही."

उत्तम उडालाच. "म्हणजे हांव खरी खातालो! सातेरी उरफाटी बोलली!"

"उत्तम, तुमच्याही गोळीत औषध नव्हतं."

म्हणजे मावशीने खोट्यात खोटी मिसळली होती, डोळे मिटून न्यायाने वाटली होती, आणि त्या पिठाच्या गोळ्यांवरची हळद शोधायला परदेशातली यंत्रं चालली होती. पहिला हसला तो उत्तम. मग सगुणाची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली, कारण सगळी पेज तिनेच रांधली होती. सगुण हसला नाही. तो म्हणाला, "दारू सोडली हांवें. सुंगटांचें हुमण सोडलें." आणि मग कोळंबीच्या त्या कालवणाच्या आठवणीने त्यालाही हसू आवरेना.

मावशी एवढंच म्हणाली, "जाल्यार दोगांकय सारकेंच मेळ्ळें."

आणि त्यातून दार उघडलं. ज्यांना चाचणीत बिनऔषधाची गोळी लागली त्यांना नंतर खरं औषध, उघड उघड, देऊन पाहायचं असं कंपनीने आधीच ठरवलेलं होतं. डॉक्टरांनी पत्र लिहिलं: या दोघांनी नवं औषध कधी चाखलेलंच नाही, सबब बरणीने काहीही बिघडलेलं नाही. कंपनीने बराच घोळ घातला. कार्तिकने आतून किती जोर लावला ते त्याने कधी सांगितलं नाही, पण होकार आला तेव्हा फोन त्याचा होता आणि "हॅलो" म्हणायच्या आधी तो हसत होता. अट एकच: बाटल्या वेगळ्या, आणि आईला ट्रेनिंग. ते मी दिलं. मावशीने लांबलचक सही केली आणि विचारलं, "ह्या खेपेक डॉक्टराक खबर आसा मगो?" डॉक्टर म्हणाले, "आसा." मावशी म्हणाली, "बरें. डॉक्टर शिकलो म्हणपाचो."

दोघांनी खरं औषध पुरं घेतलं. या वेळी कोणाच्या तळपायांची आग झाली नाही.

आता जे सांगायचं ते साधं आहे. या नव्या औषधांनी विषाणू घराबाहेर जातो तो थोड्यांचाच. आम्ही हे सह्या घेतानाच सांगतो, पण सांगणं वेगळं आणि रिपोर्ट हातात घेणं वेगळं. उत्तमाच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. पुन्हा तपासली, पुन्हा नाही. सगुणाची कमी झाली, पण राहिली.

मी दोन्ही रिपोर्ट घेऊन बाहेर आले. मावशीने आधी सगुणाचं विचारलं. मी सांगितलं. तिने मान हलवली. मग उत्तमाचं सांगितलं. देवाला हात जोडले तिने, पण चेहरा फुलला नाही. सगुण उठला आणि उत्तमाच्या पाठीत एक धपाटा घातला, "तूं सुटलो रे भाड्या!" उत्तम रिपोर्टाकडे बघत होता जणू कोणाचा चोरून आणला आहे.

डॉक्टर म्हणाले, "उत्तम, तुमची रोजची गोळी आता थांबवू. रक्त मात्र वेळोवेळी तपासायचं. सगुण, तुमची चालू."

मावशी एकदम म्हणाली, "ना. सगुण एकटोच कसो घेतलो? दोगांनी वांगडा, एकाच दिसा सुरू केल्ली. उत्तमूय घेतलो."

"मावशी, त्याला गरज नाही."

"भावाक आसा न्ही गरज? मगे? एकटोच रोगी म्हूण बसतलो तो जेवपाच्या मेजार?"

ही अडचण आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही. उत्तमाने मला कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, कसलीय एक दिया. व्हिटॅमिनाची बी चलता. तितलेंच आवयच्या जिवाक." डॉक्टरांनी लिहून दिली.

तेव्हापासून जेवण झालं की दोघं भाऊ शेजारी बसतात आणि पाण्याबरोबर एकेक गोळी घेतात. एकाची खरी, एकाची अशीच. कोणाची कुठली, हे डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे, दोन्ही भावांना आणि सगुणाच्या बायकोला माहीत आहे. फक्त मावशीला नाही. निदान उत्तमाचं तसं ठाम मत आहे.

परवा मावशी स्वतःच्या तपासणीला आली होती. रक्त दिलं, कापसाचा बोळा दंडावर धरून माझ्या टेबलाशी आली, इकडे तिकडे पाहिलं आणि वाकून म्हणाली, "बाय, उत्तमाची गोळी व्हड आसा गो, घशांत अडकता ताच्या. खोटीच दिवपाची जाल्यार मातशी ल्हान दी."